गुनवोरने न वाकवलेली पट्टी

गुनवोर एइके आमच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत एकटीच बसायची. खिडकीबाहेर खाडी, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि कॉफीचा थर्मास. आम्ही ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या जोडून बोटींच्या डेकसाठी रुंद पत्रे करायचो. जोडायचं यंत्र माझ्याकडे होतं. ठिणगी नाही, धूर नाही. गरगर फिरणारी पोलादी पिन दोन पट्ट्यांच्या सांध्यात घुसते आणि पुढे सरकत जाते. धातू वितळत नाही, तापून मऊ होतो आणि कणकेसारखा एकमेकांत मळला जातो.

जोडाचा तुकडा घासून, आम्लात बुडवून झाला की ती मला हाक मारायची. "शेटिल, ये. मधले कण बघ, कसे पिठासारखे बारीक झालेत."

"मग तुटतो कुठे?"

"बाजूला. जिथे नुसती धग लागली, मळला गेला नाही, तिथे धातू नरम पडतो. ते आपण आधीच धरून चालतो. तळाला मात्र जप हो."

पिन झिजून केसभर तोकडी झाली, तर तळाशी पट्ट्या एकमेकींना नुसत्या टेकतात, जुळत नाहीत. वरून काही कळत नाही, क्ष-किरणांतही बहुधा दिसत नाही. म्हणून प्रत्येक पत्र्याच्या टोकाच्या दोन पट्ट्या नमुना म्हणून कापून वाकवायच्या, एक वरच्या बाजूसाठी, एक तळासाठी; सांधा कच्चा असेल तर उघडतो.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी तिला फोन आला, वडील अखेरच्या घटका मोजतायत. तिने वरचा नमुना वाकवला, कागदावर दोन्हींपुढे 'ठीक' लिहिलं आणि धावली. वडील भेटले नाहीत.

दफन आटोपून ती दहा दिवसांनी कामावर आली, तर तळाचा नमुना टेबलावर तसाच. तिने तो वाकवला. सांधा सरळ रेषेत उघडला. मी धावत जाऊन पिन मोजली. दोन दशांश मिलिमीटर तोकडी. ती रोज सकाळी मोजायची असते. नोंदवहीत त्या आठवड्याचे रकाने कोरे होते; मी मोजली होती का, मला आठवेना.

पत्रा तोवर एका प्रवासी बोटीच्या डेकमध्ये बसला होता. आमचा फोरमन ओद्वार म्हणाला, "अगं, एका पत्र्याने बोट बुडते होय? खाली आधाराला आडव्या पट्ट्या आहेत की. तोंड मिटून राहा दोघं."

आम्ही राहिलो. मार्चपासून ती बोट दिवसातून तीनदा गुनवोरच्या घरासमोरून जाऊ लागली. तिची बहीण मारित त्याच बोटीवर वॅफल विकायची. गुनवोर डबा उघडून तसाच बंद करायची. म्हणायची, "इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा आवाज येतो रे. कापड टरकावं तसा." मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मी कान देऊ लागलो.

सहाव्या आठवड्यात ती उघडलेला नमुना पिशवीत घालून जहाज निरीक्षकाकडे गेली. मीही पिनची नोंदवही घेऊन सोबत गेलो. बोट वर ओढली. रंगाखाली पत्र्याचा क्रमांक पुसला गेला होता, म्हणून सारख्या मापाचे तीन पत्रे खरवडले. तिसऱ्याच्या तळाला हातभर काळी रेघ निघाली. तो भाग कापून नवा बसवला. कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

"झालं ना? सुटलीस," मारित तिला म्हणाली. "आता तरी नीट जेव, बाई!"

पण गुनवोर सुटली नाही. आधीच्या महिन्यांतले पत्रे दूरदूरच्या बोटींवर गेले होते. त्यांच्या कागदांवर तिच्याच अक्षरात 'ठीक' होतं, आणि वाकवलेले नमुने केव्हाच भंगारात वितळले होते. आपण ते सगळे खरंच वाकवले होते, यावरचा तिचा विश्वास उडाला. निवृत्त झाल्यावरही ती सकाळी फोन करायची.

"शेटिल, नोव्हेंबरातले नमुने मी वाकवताना तू पाहिलंस ना?"

"पाहिलं ना. दाराशीच उभा होतो."

"तळाचेसुद्धा?"

"तळाचेसुद्धा."

मग ती श्वास सोडायची आणि हवापाण्याचं बोलायची.

मी पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरभर मी त्या खोलीकडे फिरकलोही नव्हतो.