इंजिन गरम सापडलं म्हणून

इंजिन गरम होतं. मी झाकण उघडून तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"सुबह चालू किए थे क्या?"

"हव, थोड़ा चलाए थे," सरोज दीदी म्हणाली. मशीन तिची. बाजूला उभा असलेला तिचा दीर जमिनीकडे बघू लागला.

झालं. माझ्यापुरता निकाल लागला.

जुन्या मशिनी विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाला तपासून देणं हा माझा धंदा. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. उरलेल्या वेळात मी ग्राहकांसाठी पत्रकं लिहिते, छापते आणि गोल बाजारात उभी राहून वाटते. 'फसू नका. घाई करू नका. तोंडी शब्दावर जाऊ नका.' अशी वाक्यं मला झोपेतही सुचतात. रायपूर राजधानी झाली, प्लॉट निघाले, रस्ते निघाले, आणि त्यांच्या मागोमाग थकलेल्या मशिनींना रंग फासून विकणारे निघाले. मला त्यांची चीड आहे. अजूनही आहे.

त्या दिवशी गिऱ्हाईक होते ढोके काका. रेल्वेतून रिटायर झालेले, राहणार समता कॉलोनी. शहराबाहेर त्यांनी थोडी जमीन घेतली होती. वरच्या उताराचं पाणी त्यांच्या जागेतून शेजाऱ्याच्या भिंतीत मुरायचं, आणि शेजारी रोज भांडायचा. नाली खणायची, झाडांसाठी खड्डे करायचे, जमलं तर मासळीची एक डबरी, म्हणजे छोटं तळं. खोदाईची मोठी मशीन त्या गल्लीत वळत नाही. लहान मशीन भाड्याने देणारे "आज येतो" म्हणून पुढच्या आठवड्यात येतात. म्हणून काकांना स्वतःची जुनी मिनी एक्सकॅव्हेटर हवी होती. ही मोठ्या खोदाई मशीनची धाकटी बहीण. रबरी पट्ट्यांवर चालते आणि साध्या फाटकातून आत जाते.

आमच्या कामात पहिला नियम कोल्ड स्टार्टचा. थकलेलं डिझेल इंजिन थंड असताना खोकतं, धूर टाकतं, चटकन सुरू होत नाही. तेच आधी तापवून ठेवलं की शहाण्यासारखं सुरू होतं. म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन फिरवून घेतो. मी दिराला फोनवर बजावलं होतं, मशीनला हात लावू नका. तो "हव, हव" म्हणाला होता.

आणि आता इंजिन गरम. मग मला पुढचंही दिसायला लागलं. मशीनखाली ओला डाग. म्हणजे पाणी गळतंय आणि नुकतंच पुसलंय. बकेट जिथे दांड्याला जोडलेली असते, त्या पिनेजवळ लाल फासलेलं. म्हणजे तडा, त्यावर वेल्डिंग, त्यावर प्रायमर. आणि सगळी मशीन लग्नघरासारखी लख्ख पुसलेली. धूळमातीत राबणारी मशीन एवढी स्वच्छ कोण ठेवतं?

"दीदी, ये लाल क्या है?"

"वो तो सुबह..." ती सांगायला लागली.

"सुबह का ही तो पूछ रही हूँ!" मी तिचं बोलणं तोडलं. "क्या छुपाया है इसके नीचे?"

तिने पदर सावरला. तिचा नवरा ही मशीन स्वतः चालवायचा. तो गेल्यावर ती विकायला निघाली होती, हे मला माहीत होतं. पण विधवेची मशीन म्हणजे चांगलीच असं थोडंच आहे, असा माझा हिशोब.

"अवं पोट्टी, बाईचं आयकून तर घे," काका म्हणाले.

"काय ऐकायचं काका? सगळे हेच सांगतात. चला."

मी मीटर पाहिलं नाही. पट्ट्या पाहिल्या नाहीत. वरचा भाग गोल फिरवून त्यात ढिलाई आहे का, तेही पाहिलं नाही. मी फोटो काढला. घरी येईपर्यंत मजकूर तयार होता: 'सावधान! गरम इंजिन, लपवलेलं वेल्डिंग, पुसलेली गळती. ही मशीन घेऊ नका.' वर तिच्या गावाचं, खाली माझं नाव टाकलं. मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर सोडलं. लोकांनी शाबासकीचे अंगठे टाकले, पुढे पाठवलं. मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू, फार बरं वाटलं.

काकांना मात्र चैन पडेना. मशीन त्यांना आवडली होती. ते एकटेच परत गेले, चहा प्यायले आणि मला फोन केला.

"तो शेंदूर होता."

"कुठला?"

"पिनेवरचा. प्रायमर नाही, शेंदूर. मशीन घरातून जाणार म्हणून पहाटे पूजा केली त्यायनं. चालू करून घराच्या दारापुढं एक चक्कर मारली, बकेट खाली टेकवून नमस्कार करवला, नारळ फोडला. थ्या नारळाचं पाणी सांडलं होतं खाली. इंजिनियर मॅडम येणार, घाण दिसू नये, म्हणून मंग सगळं पुसून काढलं. तू पाहिलं ते हेच."

मी ग्रुपवरचा तो फोटो पुन्हा उघडला.

"तुमच्या घरी पूजा नसते, तुले कसं समजनार," काका म्हणाले. मला सूट देत होते.

ती सूट मला घेता येत नाही. आमच्या घरी पूजा नसते, हे खरं. पण आमच्या घरी समोरच्याला वाक्य पूर्ण करू द्यायची पद्धत आहे.

"मग काका, घ्या ना तुम्ही ती मशीन. मी उद्या सकाळी येते, थंड इंजिनवर चालवून बघते."

"कुठची घेतं! काल गेली. एका ठेकेदारानं नेली. तुझाच मेसेज मोबाइलवर दाखवून भाव पाडला त्यानं. 'देखो, इंजीनियर ने लिखा है,' म्हणे. बघायला येणारे बाकीचे दोघं तर फिरकलेच नाहीत."

ज्या लबाडांविरुद्ध मी पत्रकं काढते, त्यांतल्या एकाच्या हातात मी माझंच पत्रक दिलं होतं.

मी मेसेज काढून टाकला. 'माझी चूक झाली, मशीनमध्ये दोष सापडलेला नव्हता,' असं लिहिलं. कोणी अंगठा टाकला नाही, कोणी पुढे पाठवलं नाही. मग मी सरोज दीदीकडे गेले. अंगणात पट्ट्यांच्या खुणा होत्या. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"दीदी, माफ करना. मैंने सुना नहीं आपका."

"हव," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "वो जो लिखे थे, मिटा दिए क्या?"

"मिटा दिया."

तिने दिराला हाक मारली. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. दुसऱ्याच कुठल्या तरी ग्रुपवर तोच फोटो होता, तीच मशीन, वर माझं 'सावधान', आणि खाली माझं नाव.

"तो ये काहे दिखता है?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

लोकांनी पुढे पाठवलेलं माझ्या मिटवण्याने मिटत नाही, हे मी समजावायला लागले आणि मध्येच थांबले.

काकांची नाली आता भाड्याच्या मशीनवर अवलंबून आहे, ती येईल तेव्हा. शेजारी अजून भांडतो. मी त्यांच्यासाठी दुसरी मशीन शोधते आहे.

जुनी मशीन घ्यायला जाणाऱ्यांना एवढंच सांगते: इंजिन गरम सापडलं तर ते का गरम आहे ते विचारा, उत्तर पूर्ण ऐका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. मशीन रात्रीतून थंड होते. त्यासाठी इंजिनियर लागत नाही.