तो हात भ्यालेला नव्हता

"एकदा डॉक्टरसाहेबांनी शेतातली ठिबकची नळी धुवावी तशी एका बाईची दाढ धुतली आणि बाईचं तोंड काळंनिळं पडलं. त्या दिवसापासून साहेबांनी पिचकारीची अशी धास्ती घेतली, की तासाभराच्या कामाला ते सकाळ घालवू लागले." जळगावात डॉ. दिगंबरच्या शोकसभेत एका तरुण दंतवैद्याने हे सांगितले. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच होते, हे मी नाकारत नाही. श्रोते हलकेसे हसलेही. मी उत्तर द्यायला उठत होतो, पण शेजारी बसलेल्या मेघनाने, दिगंबरच्या मुलीने, माझा हात दाबून धरला. बापाच्या फोटोसमोर वाद नको, एवढेच तिचे म्हणणे असावे. मी बसलो... आणि तेव्हापासून ते वाक्य मला गिळता आलेले नाही.

आठवडाभराने तिचा मला धुळ्याला फोन आला. आता ती बापाच्याच दवाखान्यात बसते. "नाना, खरं सांगा. बाबा घाबरून हळू काम करायचे का? मी अगदी त्यांच्यासारखंच करते. म्हणजे मी त्यांची भीतीच शिकले का?" पेशंटही आता विचारतात, म्हणाली, की मॅडम, दुसरीकडे पटकन होतं, तुम्हालाच एवढा वेळ का लागतो. मी उत्तर दिले, पण फोनवरचे बोलणे हवेत विरते. सभेतले वाक्य चारचौघांत उच्चारले गेले. त्याचे खंडनही चारचौघांतच झाले पाहिजे.

दिगंबर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. शिक्षण संपल्यावर तो धुळ्यात माझ्या दवाखान्यात उमेदवारीला आला, तेव्हाही तो संथच होता. मी त्याच्यावर चिडत असे. "दिगू, दाढ धुतोस की अभिषेक करतोस?" असे मी पेशंटसमोर विचारले आहे. तो मान वर न करता म्हणे, "नाना, अभिषेकाला तीर्थ तरी मिळतं. इथं नुसती घाण." दाताच्या मुळातील नळी केसासारखी बारीक असते आणि तिला आडवे फाटे फुटलेले असतात. आमची कानस त्या फाट्यांत पोहोचत नाही. तिथे पोहोचते ते फक्त औषधी पाणी, घरातल्या ब्लीचच्या जातीचे, सडलेले मांस विरघळवणारे. दिगंबर त्याची बाटली कोमट पाण्याच्या वाटीत उभी करून ठेवी. पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याने कधीच दाबत नसे, तर्जनीने दाबी; अंगठा माजोरी असतो, असे त्याचे मत होते. सुई नळीत सतत वरखाली हलती ठेवी, म्हणजे ती कुठे रुतत नाही आणि पाण्याला परत यायला वाट राहते. मग पाणी मुरू देई, पुन्हा भरी. ही चाल अपघाताच्या कितीतरी आधीची. ती मी माझ्या दवाखान्यात, माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

आणि सभेतली ठिबकची ती उपमाही दिगंबरची नव्हे. सावद्याचे एक केळीवाले शेतकरी खुर्चीत कंटाळून म्हणाले होते, "डॉक्टर, जोर लावा ना. आम्ही नळ्या धुतो तर शेवटाची टोपी काढतो अन् मोटर सोडतो. सारा गाळ बाहेर." दिगंबर म्हणाला, "भाऊ, तुमच्या नळीच्या टोकाला वावर आहे. इथं टोकाला तुमचा जबडा आहे. टोपी उडाली तर मोटर बंद करायलाही वेळ मिळायचा नाही." जो धोका त्याने स्वतःच्या तोंडाने समजावून सांगितला, तोच त्याच्या नावावर चूक म्हणून मांडला गेला.

अपघात झाला, हे मात्र खरे; पण तो पुढे, दिगंबरच्या जळगावच्या दवाखान्यात. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या इंदूअक्का. वरची दाढ, जुना पू. त्या पुवाने मुळाचे टोक आतून खाऊन टाकलेले होते. सुई क्षणभर रुतली आणि पाणी टोकापलीकडे गेले. अक्कांनी किंकाळी फोडली. पाहता पाहता गाल फुगला, डोळा झाकला गेला, दाढेतून रक्त वाहू लागले. अक्कांचा मुलगा दारातून आत आला तो आईचे सगळे सुजलेले तोंड पाहून ओरडतच, "मायनं बठ्ठं तोंड सुजी गयं! काय करं तुम्ही?" दिगंबरने मुळावर खापर फोडले नाही, नशिबावर नाही, सुईच्या कंपनीवरही नाही. "माझ्या हातून झालं," म्हणाला, आणि दवाखान्याला कुलूप लावून त्यांच्याबरोबर इस्पितळात गेला. एक वेळ सोडली तर अक्कांना घरी सोडेपर्यंत तो त्यांच्या खाटेशी बसून होता. त्यांचा जीव वाचला, चेहरा पुढे निवळला. पण गालाचा तेवढा भाग कायमचा बधिर राहिला. हे मी लपवत नाही. दिगंबरनेही कधी लपवले नाही.

त्याचा शेवट फार वाईट झाला. अन्ननळीचा कर्करोग. ज्याच्यामुळे असंख्य लोक भाकरी चावत राहिले, त्याला घोटभर पाणी उतरेना. मी भेटायला गेलो तेव्हा नाकातल्या नळीतून नर्स त्याला पेज देत होती, जरा घाईने. त्याने बोटाने खूण केली... हळू.

आता मेघनाच्या प्रश्नाचे उत्तर. अक्का इस्पितळात असतानाच मला जळगावहून तिच्या आईचा फोन आला होता, की मेघनाची दाढ सुजली आहे, रात्ररात्र रडते, आणि ह्यांना या अवस्थेत कसे सांगू? नाना, तुम्हीच या. मेघना तेव्हा शाळेत होती. अपघाताचे तिला घरात कोणीच सांगितले नव्हते. मी बसने गेलो, दवाखाना उघडून घेतला, तिला खुर्चीत बसवून हातमोजे चढवले. तेवढ्यात कुणाकडून तरी कळून दिगंबर इस्पितळातून आला. दाढी वाढलेली, कपडे तेच. त्याने हात धुतले आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली. मी हळूच म्हणालो, "दिगू, आज नको. मी करतो." तो म्हणाला, "नाना, तुम्ही सक्शन धरा." लाळ ओढणारी ती नळी मी धरली. तेच औषध, तशीच सुई, तीच तर्जनी, आणि मी धुळ्यात पाहिलेली तीच संथ चाल. तिच्यात तसूभरही फरक नव्हता. मेघनाला ती दाढ आठवते, तारीख आठवत नाही. मला आठवते.

इंदूअक्कांनंतर त्या खुर्चीत बसलेला पहिला पेशंट त्याची स्वतःची मुलगी होती.