भरदुपारी लावलेली कडी

परवा समोरच्या फ्लॅटमधून अंबाडीच्या भाजीचा आंबट वास आला आणि मौदा गावातली ती वैतागाची दुपार आठवली. बाबांच्या बदलीमुळे आम्ही नुकतेच नागपूर शहरातल्या सदर भागातून तिथे राहायला गेलो होतो. गल्लीतल्या बाया न विचारता थेट चुलीपर्यंत येत आणि झाकण उचलून भाजी बघत. शेवटी आईने वैतागून भरदुपारी कडी लावली आणि आडवी झाली.

पाचच मिनिटांत शेजारच्या कौतिकाबाईंनी दार बडवलं. "काहून लावलं वं दार? काय झालं?"

"झोपलेय हो मी!" आई आतून ओरडली.

माणसं घरात असताना दिवसा दार लावायचं, ते काही विपरीत घडलं तरच, अशी तिथली रीत. "माहेरची तार आली असन, सांगून नाही राहिली बिचारी," कौतिकाबाईंनी ठरवलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी अंबाडीची भाजी आणि भाकरी आणली. कोणीतरी कचेरीत जाऊन बाबांनाही सांगितलं.

बाबा एकाच पायात चप्पल घालून धापा टाकत आले.

"लग्नाला बारा वर्षं झाली," आई कडाडली, "आणि माझ्यासाठी आज पहिल्यांदा धावलात, तेही कडी लावली म्हणून!"

पुढे बाबा वारल्यावर मात्र आई रोज दुपारी दार सताड उघडं ठेवायची. दार लाव म्हणून मी चिडलो, की माझ्यावरच खेकसायची, "लावून आता कोण धावत येणार आहे?"