पाळण्यातलं काळीज

सबंध नगर शहरात बोकडाच्या काळजाला पाळण्यात घालून झोके देणारा एकच माणूस, आणि तो म्हणजे माझा धाकटा दीर. ही अतिशयोक्ती नाही. पाळणा माझा होता. भावजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आमच्याकडेच राहायचे, आणि लग्नाचा विषय निघाला की ताटावरून उठून हात धुवायला जायचे. त्यांचं सगळं लक्ष एका गोष्टीवर. कुठलंही औषध कुणाच्या पोटात जाण्याआधी ते काळजाच्या तुकड्याला विचारून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. काळीज म्हणजे यकृत. पण 'यकृत' ते फक्त वर्गात म्हणत, घरी रहीमभाई खाटकांचाच शब्द. पहिल्यांदा मी विचारलं, "म्हणजे नक्की काय विचारायचं?" तेव्हा त्यांनी मला श्रीगोंद्याच्या बाजूचा साखर कारखाना डोळ्यांपुढे आणायला सांगितला. "वहिनी, उसाची मोळी गव्हाणीत पडते तेव्हा तिला वास तरी असतो का? मळी बाहेर पडते तेव्हा नाक धरावं लागतं. काळीज म्हणजे तसा कारखाना. औषध आत जाताना सज्जन असतं. आत त्याचं काय होतं आणि कारखान्याचं काय होतं, ते बघायला नको?" मला पटलं. वास सोडून सगळं पटलं.

कॉलेजनं या कामाला जागा नाकारल्यावर ते आमच्या न्हाणीघरात आलं. रोज पहाटे भावजी सायकलवरून रहीमभाईंच्या दुकानी जात. स्वतः मटण कधी तोंडात घातलं नाही, पण काळीज बघण्यात त्यांचा हात धरणारं गिऱ्हाईक रहीमभाईंना मिळालं नाही. "सर, हे बघा, एकदम ताजं," असं ते म्हणाले तरी भावजी तुकड्याला हात लावून बघत आणि निवला असेल तर परत करत. "रहीमभाई, हे गेलं हो. तुम्ही बिडी ओढत बसलात." रहीमभाई बिडी विझवून म्हणत, "सर, बोकडाचा जीव गेल्याचं तुमच्याइतकं दुःख खुद्द बोकडालापण झालं नसंल." काळीज थर्मासातून घरी यायचं. घरात दोन थर्मास होते, म्हणून मी भावजींच्या थर्मासाला लाल दोरा बांधला. तरी एकदा ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनी चहा म्हणून तोच उघडला, आणि त्यानंतर ते आमच्याकडे कधी चहाला आले नाहीत. काळजाचे पापुद्र्यासारखे काप करायला नवं ब्लेड लागायचं. घरातलं प्रत्येक नवं ब्लेड आधी काळजाला, मग त्यांच्या दाढीला. कॉलेजात ते हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटवून जात.

खरी गंमत पुढेच. काप मीठ-साखरेच्या पाण्यात बरणीत ठेवायचे, एका बरणीत औषध घालायचं, दुसरी तशीच. बरण्या अंगाइतक्या उबदार राहायला हव्या आणि हळूहळू हलत राहायला हव्या. ऊब बंबाची. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांची अंघोळ बोकडाच्या अंगाइतक्याच ऊन पाण्यानं व्हायची. कढत पाणी हवं असलं तर सुट्टीची वाट बघायची. हलवायला त्यांनी माळ्यावरून माझ्या मुलांचा पाळणा काढला, त्यात बंबाच्या पाण्याचं घंगाळ ठेवलं, घंगाळात बरण्या, आणि दोरी ओढत वाचत बसले. शेजारच्या काकूंनी करकर ऐकली आणि भिंतीपलीकडून विचारलं, "कळवलं नाहीत ते! बारसं कधी?" शेवटी दोन्ही बरण्यांत निळा रंग. जिवंत पेशी हा रंग दारातूनच परत पाठवते. मेलेलीला दार राखायला कुणी उरलेलं नसतं, ती निळी होते. कापाची कड ब्लेडनंच मेलेली, ती निळी होणारच; औषधाच्या बरणीत मधला भागही निळा झाला, तर औषधानं काळीज मारलं.

लोक हसायचे. मीही हसायचे, पण पाठ फिरवून. मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. पाथर्डीकडची भामाबाई धनगरीण मेंढरं घेऊन आमच्या मागच्या पडीक रानात उतरली होती. नवरा नाही, जमीन नाही. जे काय होतं ते त्या कळपात. तलावाचं डबकं झालेलं, सगळ्या मेंढ्या तिथंच पिणार, आणि अशा पाण्यातून काळजात किडे होतात. हे हेरून एक औषधवाला बाटल्या घेऊन आला. औषध निर्धोक असल्याचा पुरावा म्हणून त्यानं वाटीभर मटकी आणली होती, औषधाच्या पाण्यात भिजवून मोड आणलेली. "बघा, मटकीसुद्धा मरत नाही!" भावजी कुंपणापाशी उभे होते. ते एवढ्या जोरात ओरडले की मेंढ्या बुजल्या. "अहो, मटकीला काळीज असतं का?" भामाबाई म्हणाली, "मास्तर, तुमी दावा मंग. सोमवारी दावा. मंगळवारी मी पाजनार हाय, लई दीस थांबता यायचं न्हाई."

भावजींनी सोमवार कबूल केला. तो श्रावणातला सोमवार होता. आमच्याकडे श्रावणी सोमवारी मटणाकडे कोण बघतं? रहीमभाई त्या दिवशी दुकानाच्या फळ्याच काढत नसत. सगळ्या गावाला हे ठाऊक. तिथी-वार न बघणाऱ्या आमच्या एका माणसाला सोडून. कुंपणापाशी मी नव्हते आणि मला ते सोमवार म्हणालेच नव्हते, नाही तर मी सांगितलं असतं. ते बंद फळ्या बघून परत आले आणि रविवारचा बर्फात उरलेला तुकडा काढला. "बर्फात होता वहिनी, एका दिवसानं काय होतंय!" हे कुणी म्हणावं? रहीमभाईंच्या बिडीचा हिशेब धरणाऱ्या माणसानं! व्हायचं तेच झालं. अंगणात सगळ्यांसमोर दोन्ही बरण्यांतले काप निळेशार. औषधवाला हसून म्हणाला, "मास्तर, तुमच्या साध्या पाण्यात आणि माझ्या औषधात काही फरक नाही की!" भामाबाईनं मान हलवली आणि ती उठली. भावजी तिच्या मागे धावले, एक पायताण घालून. "भामाबाई, काळीज शिळं होतं. आधीच मेलेलं. चूक माझी, औषधाचा निकाल नाही लागला. उद्या दुपारपर्यंत थांबा." ती त्यांच्या अनवाणी पायाकडे बघत म्हणाली, "दुपारपातुर. पर पाळन्याची दोरी म्या वडनार."

मंगळवारी सकाळी थर्मास घेऊन खुद्द रहीमभाई सायकलवरून आले, मेंढीचं काळीज घेऊन, घामाघूम. "सर, हात लावा. बिडी प्यालो न्हाई." भावजींनी हात लावला आणि लगेच ब्लेड काढलं, त्यांच्याकडून ही मोठी पावती होती. काप झाले, बरण्या घंगाळात बसल्या, आणि भामाबाई पदर खोचून दोरी धरून बसली. औषधवाला समोर. थोड्या वेळानं सवयीनं तिच्या तोंडून अंगाई निघाली. रहीमभाई खांबाला टेकून ऐकत होते, शेजारच्या काकू उघड उघड भिंतीवरून बघत होत्या. दुपारी भावजींनी रंग घातला, काप धुतले आणि दोन पांढऱ्या बशांत ठेवले. माझ्या चांगल्यातल्या बशा. त्या दिवशी मी आपण होऊन दिल्या. साध्या पाण्यातले काप कडेची रेघ सोडली तर तसेच तपकिरी. औषधातले शाईत बुडवल्यासारखे. कुणी काही सांगायच्या आधीच भामाबाईनं बोट ठेवलं, "ह्यो जिता. ह्यो मेला." मग औषधवाल्याकडे वळली. "मटकीला काळीज न्हाई, बाबा. माज्या मेंढरांला हाय. तुज्या घरी दुभती शेळी हाय म्हनत हुतास ना? आन तिला. आदी तिला पाजू."

त्यानं बाटल्या कधी भरल्या ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. काकूंनी भिंतीवरून टाळ्या वाजवल्या, रहीमभाईंनी बिडी पेटवली, आणि भावजी न्हाणीघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. पुढे ऐकलं की पलीकडच्या वाडीवर ज्यांनी ते औषध पाजलं त्यांच्या मेंढ्यांनी चारा टाकला, डोळे पिवळे झाले. भामाबाईनं कळप डबक्यावर नेणं सोडलं आणि विहिरीचं पाणी शेंदून पाजलं; तिचा कळप जसा आला तसा परत गेला. जाताना तिनं एक घोंगडी दिली. भावजींना नाही, पाळण्याला. "रिकामा नगं ठिवू, मास्तर," एवढंच म्हणाली. भावजी हात धुवायला गेले.

त्यांना पुढे पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत बोलावलं. तिथे बरण्या हलवायला मशीन आहे, ऊब धरायला मशीन आहे, दाढीही आता गुळगुळीत असते. पाळण्यात माझा नातू झोपतो, भामाबाईच्या घोंगडीवर; तिच्याखाली फळीला निळा डाग आहे, घासून गेला नाही. भावजी सुट्टीला आले की आधी न्हाणीघरात जाऊन बंबाच्या पाण्यात बोट घालतात आणि "बरोबर आहे" म्हणतात. मग पाळण्याशेजारी बसून दोरी धरतात. बाळ कधीच झोपलेलं असतं, झोका थांबत नाही. माझी पानं वाढून झालेली असतात, आणि आमच्या घरात वाढलेलं पान खोळंबलेलं मला चालत नाही. पण भावजींना हाक मी जरा वेळानंच मारते.