चार बोटं खाली

आमच्या ह्यांना कुणी उचललेलं खपत नसे. लढाईवरून परत आले तेव्हा उजवा गुडघा कायमचा धरलेला होता, पाय काठीसारखा सरळ. कुबडी घेऊन चालत, आणि बरं चालत. पण बैलगाडीत चढायचं म्हटलं की घोडं तिथंच अडायचं. मग मामंजी एका बगलेत आणि गडी दुसऱ्या बगलेत हात घालून त्यांना वर घेत. कोरेगावच्या बाजाराला गेलं की भर पेठेत तसंच उतरवून घ्यायचं. लोक चांगल्या मनानंच धावत, "धरा धरा, फौजीला धरा" म्हणत. घरी आल्यावर हे दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नसत, माझ्याशीही नाही. मला त्या धावणाऱ्या लोकांचा राग यायचा. माणसाला चांगुलपणाचाही राग येतो, हे मला सासरी आल्यावर कळलं.

फौजेत ते लॉरी चालवत. इटलीत कुठल्याशा घाटात लॉरीचं चाक सुरुंगावर गेलं, एवढंच त्यांनी घरात सांगितलं होतं. मला एकदा म्हणाले, "लॉरीत गुडघा दुमडून बसावं लागतं. ते आता संपलं." त्यापुढं काही नाही. कोरेगावचा एक गुळाचा अडत्या त्यांना वखारीवर घ्यायला तयार होता. त्याची अट एकच, रोज आपलं आपण यायचं आणि आपलं आपण जायचं. त्या अटीवर घरातलं सगळं अडलं होतं. मामंजी म्हणत, बघू. ह्यांचं म्हणणं होतं, काय बघणार?

माझं माहेर सांगलीजवळ, कृष्णाकाठी. वडिलांच्या मळ्यात विहिरीवर ऑइल इंजिन होतं, आणि भाऊ नसल्यामुळं त्याचे नट आवळायचे पाने त्यांच्या हातात देत मी वाढले. लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेले होते, तेव्हा सांगलीत एका जैन व्यापाऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली दडवलेली मोटार पाहिली. जुनी, विलायती, फक्त दोन माणसांची. व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं आणलेली, आणि लढाईत पेट्रोल रेशनवर गेल्यापासून तशीच पडलेली. सासरी परत आल्यावर मी ती गंमत म्हणून सांगितली. म्हटलं, "असली कसली मोटार ती. माणूस पंगतीला बसल्यासारखा खाली बसतो, आणि पाय पुढं लांब पसरतो."

ह्यांनी तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवला. "पाय पसरून?" म्हणाले. "नीट सांग."

मी सांगितलं. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, ब्रेकची पट्टी कुठं असते, बसल्यावर गुडघा किती वर येतो. इतकं बोलताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते.

व्यापाऱ्याला गोठा मोकळा हवाच होता, त्यानं मोटार स्वस्तात देऊन टाकली. त्याचाच ड्रायव्हर मोटार आमच्या दारात आणून ठेवून कोरेगावच्या स्टेशनावरून परत गेला. सगळी आळी जमली. हे पुढं झाले, कुबडी मोटारीला टेकवली आणि थांबले. मोटार उंच होती. व्यापारी लोकर घ्यायला आटपाडीकडं जायचा आणि तिकडच्या दगडांवर तिचं पोट घासायचं, म्हणून त्यानं तिच्या कमानी बदलून उंच कमानी घातल्या होत्या. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे, मधोमध चाकांच्या आसाला बोल्टांनी बांधलेले. पाट्यांना बाक जितका जास्त, तितकी मोटार उंच. ह्यांना आधी मोटारीच्या कडेवर टेकून मग पाय आत घ्यायचा होता, आणि ती कड त्यांच्या कमरेवर येत होती. त्यांनी दोनदा जोर केला. गडी मागून धरायला धावला तेव्हा त्याच्यावर असे खेकसले की जमलेली माणसं गुपचूप घरी गेली.

मूळच्या कमानी मागच्या फळीखाली गोणपाटात गुंडाळलेल्या निघाल्या, वंगण लावून जपून ठेवलेल्या. ह्यांनी त्या अंगणात मांडल्या, कुबडीवर माप घेतलं आणि मला म्हणाले, "चार बोटं खाली येती मोटार. चार बोटं बास हायती."

घट बसले त्या दिवशी आम्ही कामाला लागलो. घरात आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, नऊ दिवसांचे कडक उपास होते, अनवाणी, दिवसातून एकदा दूध. अंगणात मोटार जॅकवर चढवलेली, खाली लाकडाचे ओंडके. हे पोतं अंथरून तिच्याखाली आडवे होत. जमिनीवर पाठ टेकली की त्यांचा पाय आणि माझा पाय सारखाच. मी जॅक मारायची, पाने द्यायची, गंजलेल्या नटावर रॉकेल ओतायची. पाणी भरायला जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत. नट सैल झाला की मोटारीखालून हुंकार यायचा, आणि मला तेवढा पुरे होता.

मागच्या दोन कमानी सुटायला फार त्रास झाला. पुढची उजवी लवकर झाली. नवमीच्या सकाळी शेवटची, पुढची डावी, आसावर बसवली आणि बोल्टांवर नट हातानं फिरवून ठेवले. पान्यानं आवळायचे तेवढे राहिले. इतक्यात आतून आत्याबाईंची हाक आली, पूजा खोळंबलीय, आंघोळी करून घ्या. हे पोत्यावर उठून बसले आणि म्हणाले, "हत्ती गेला, शेपूट राह्यलं. जेवल्यावर आवळू."

त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड घटापुढं पूजतात, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाहीपर्यंत त्याला हात लावत नाहीत. मी न्हाऊन आले तोवर आत्याबाईंनी अंगणातले पाने राखेनं घासून, हळदकुंकू लावून विळे, कोयते आणि नांगराच्या फाळाशेजारी ओळीनं मांडले होते. इतके लखलखीत मी ते कधी पाहिले नव्हते. लेकाची हत्यारं म्हणून मान देऊन पहिल्या ओळीत ठेवले होते.

मी म्हटलं, "आत्याबाई, एक पाना तेवढा द्या. आवळायचं राह्यलंय."

"पूजलेलं हत्यार उचलत्यात व्हय? उद्या सोनं वाहिलं की न्या."

"एकच पाना. लगेच परत ठेवते."

त्या माझ्याकडं वळल्या. उपासानं चेहरा ओढलेला होता. "त्या साली ह्याच्या बानं वैरणीला विळा उचलला हुता घटापुढनं. म्हैन्यात पोर जखमी झाल्याची तार आली. मला शिकवू नगंस."

हे दारात उभे राहून ऐकत होते. "राहू दे," म्हणाले. "उद्या आवळू. मोटार काय पळून जातीया?"

पण दसऱ्याला आमच्या हातात काही राहिलं नाही. मामंजींनी गावभर सांगून ठेवलं होतं की यंदा लेक शिलंगणाला स्वतःच्या मोटारीतून शिवेवर येणार. स्वतः जुने फौजी, त्यांनाही लेकाचं कौतुक करायला काही मिळालं नव्हतं इतक्या दिवसांत. ऊन कलल्यावर पालखी निघाली, वाजंत्री आमच्या दारात येऊन थांबली. सोनं वाहायचं ते शिवेवरून परत आल्यावर, तोवर पाने देवापुढंच. ह्यांनी खाली वाकून डाव्या बाजूचे नट पुन्हा हातानं फिरवून पाहिले.

मी जवळ जाऊन हळू म्हटलं, "आवळल्याबिगर जाऊ नका."

"शिवंच्या ओढ्यापर्यंत तर जायचं. चालीनं नेतो."

"मग मीबी बसते."

"तू नगं," म्हणाले. इतकं चटकन म्हणाले की मला कळलं, भीती त्यांनाही होती.

मग ते बसले. मोटारीकडं पाठ केली, कडेवर टेकले, अंग मागं टाकलं आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. कुणी धरलं नाही, कुणी "धरा" म्हटलं नाही. आळीतल्या माणसांना त्यात बघण्यासारखं काही दिसलंच नाही, ती वाजंत्रीवाल्यांशी बोलत होती. आत्याबाईंनी मोटारीला आणि लेकाला ओवाळलं. ह्यांनी माझ्याकडं बघून एक भुवई वर केली, बस, एवढंच. ते हसले नाहीत, पण मला त्यांचं हसणं म्हणून तेच आठवतं.

पालखीच्या मागून मोटार चालीनं निघाली. ओढ्याकडं उतरताना वाट दगडांची आहे. तिथं पुढचं डावं चाक एका दगडावर चढून आपटलं, आणि मोटार एकाएकी डावीकडं वळली, कडेच्या खड्ड्यात तोंड घालून कलंडली. मोठा आवाजही झाला नाही. मी धावत पोचले. ह्यांच्या कपाळाला खोक पडली होती, बाकी धड होते. पण मोटार अशी तिरकी झाली होती की त्यांना पाय बाहेर काढता येईना. चार-पाच जण खड्ड्यात उतरले. "धरा धरा" सुरू झालं. सगळ्या गावादेखत, पालखीसमोर, त्यांना बगलेत आणि मांड्यांखाली हात घालून वर घेतलं. फेटा खड्ड्यातच राहिला.

मी चाकाशी वाकले. एक नट गळून पडला होता आणि आस पाट्यांवरून मागं सरकला होता. एवढ्यात आत्याबाई अनवाणी धापा टाकत आल्या. "काय झालं रं लेकरा?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "पाय दगा देऊन गेला, आई," म्हणाले. "ब्रेकवर बसलाच न्हाई."

सगळ्यांना ते लगेच पटलं. कुणीतरी म्हणालंही, वाटलंच हुतं.

घरी मी भांडले. "खरं का सांगितलं न्हाई? तुमच्या पायाचा काय दोष?"

"काय सांगू? तिच्या पूजेनं पाडलं म्हणून? नऊ दिवस उपाशी हाय ती, कुणासाठी?" मग म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. माझी आण हाय तुला." मी आणेवर गप्प बसले. आज मायलेक दोघंही नाहीत म्हणून लिहिते आहे.

गुळाच्या अडत्यापर्यंत बातमी पोचली. त्यानं निरोप पाठवला, पायाला आराम द्या. मोटार बैलांनी ओढून गोठ्यात आणली, ती तिथंच राहिली. नट नवे मिळाले असते, आस जागेवर बसवता आला असता. मी आठवडाभर तेच सांगत होते. "मोटारीचं निघंल," म्हणाले. "पण पायानं दगा दिला म्हणून मीच सांगितलंय गावाला. आता त्या पायावर कोण इस्वास ठेवंल?" आणि आत्याबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, अगदी मायेनं, डोळ्यांत पाणी आणून, "पायात जोर न्हाई त्याच्या. पोरानं उगा जिवाशी खेळ केला." हे समोर बसून मान हलवायचे. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी त्या बाईवर चिडले, पुष्कळ वर्षं चिडले, आणि तिची सेवाही केली. दोन्ही खरं आहे.

दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मामंजींनी बैल जुंपले. एरवी हे काहीतरी निमित्त काढून मागं राहायचे. त्या दिवशी निमित्त काढलं नाही. बाहेर आले, कुबडी गाडीच्या चाकाला टेकवली, आणि कुणी पुढं व्हायच्या आत आपणहून दोन्ही हात वर केले.