बिनखिळे मिस्त्री

माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच भेटीत मला निम्मं उघडं केलं. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला त्यांच्या कामाच्या जागी गेलो होतो. त्यांनी आधी माझं घड्याळ काढून घेतलं, मग किल्ल्या, पेन, चष्मा आणि शेवटी कमरेचा पट्टा. विजार दोन्ही हातांनी धरून, आंधळ्यासारखा मी एका तीन मजली लाकडी मंचाखाली उभा राहिलो.

"दातात काही भरलंय का?"

"सिमेंट."

"चांदी नाही ना? मग बोला."

त्या मंचावर अख्खं विमान चढवून ठेवत. वरच्या तारांतून विजेचा राक्षसी झटका सोडायचा आणि त्यातला किती विमानाच्या पोटातल्या वायरींत शिरतो ते मोजायचं, म्हणजे आकाशात खरा झटका बसला तर काय काय बंद पडेल ते कळतं. विमानाला आपण हवेतच आहोत असं वाटलं पाहिजे, म्हणून खाली लोखंड चालत नाही. सासरे तिथले सुतार. सगळा मंच लाकडी खुंट्यांवर उभा, खिळा औषधालाही नाही. लोक त्यांचं खरं आडनाव विसरून त्यांना 'बिनखिळे' म्हणत.

त्यांची मुलगी, म्हणजे आता माझी बायको, त्याच इमारतीत संगणकातल्या विमानाला तसाच झटका देई. तिथे कुणाची विजार सुटत नसे.

लग्नानंतर वर्षभराने बापलेकीचे आकडे जुळेनात. मंचावर मोजलेला आकडा संगणकाच्या दुप्पट आला.

"मिस्त्री, मंचात कुठेतरी खिळा राहिलाय," साहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत शोधा, नाहीतर मंच बंद. संगणक आहेच."

"खिळा!" आमच्या घरी येऊन सासरे म्हणाले, जणू साहेबांनी त्यांच्या दुसऱ्या बायकोची चौकशी केली होती.

"बाबा, माणूस आहात. होते चूक."

"तुझ्या विमानाला स्क्रू किती?"

"असायला हवेत तेवढे सगळे."

"सगळे स्क्रू असलेलं विमान मी आजवर पाहिलेलं नाही, बाई!"

रविवारभर त्यांनी मंचाची एकेक खुंटी ठोकून पाहिली. मग विमानाच्या पोटाखाली आडवे झाले. शेपटीकडच्या एका झाकणाचे चार स्क्रू गायब होते. त्या फटीतून पोस्टकार्ड आत जात होतं. झटकाही तिथूनच जात होता.

बायकोने ती फट संगणकात घातली. आकडे जुळ्या भावंडांसारखे निघाले. साहेबांनी सगळ्यांदेखत सासऱ्यांचा हात हातात घेतला. "मंच निर्दोष!"

सासरे शीळ घालत आमच्याकडे आले. "जावईबापू, तुमच्या विदुषीला आज मी शिकवलं."

"शिकवलंत हो, बाबा," बायको म्हणाली, आणि का कोण जाणे, तिने त्यांना न मागता दुसरा चहा केला.

साहेबांना पुढचं सुचायला आठवडा लागला. संगणकाला आता फटीसुद्धा कळतात, तर मंच हवाच कशाला? मंच उतरवायचं काम सासऱ्यांनाच दिलं. कुठली खुंटी आधी काढायची ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यातल्या लाकडाचं त्यांनी आम्हाला जेवणाचं टेबल करून दिलं. खिळे मारून.