गोरे सर आणि रविवारचा वारा

गोरे सर शाळेत आले की हजेरीपुस्तकाला हात लावायच्या आधी मैदानात जायचे. चिमूटभर माती उचलून छातीच्या उंचीवरून सोडायचे, ती कुठं उडते ते बघायचे आणि वर्गात येऊन फळ्याच्या कोपऱ्यात वाऱ्याची दिशा लिहायचे. गेवराई तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. पहाटे जमिनीकडून समुद्राकडं जाणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा हा धडा ते असा रंगवायचे की मागच्या बाकावरची पोरं ओठांवर मीठ लागतंय का बघायची. सरांनी स्वतः मात्र समुद्र पाहिला नव्हता.

"ठरलं म्हंजी ठरलं," हे त्यांचं पालुपद. त्याचा मला जेवढा फायदा झाला तेवढा क्वचितच कुणाला झाला असेल. मी सहावीत असताना आई-बाप ऊसतोडीला निघाले. ट्रकमध्ये भांडी, शेळी आणि मी चढलो होतो. सर सायकलवरून आले, मला बखोटीला धरून खाली उतरवलं आणि माझ्या बापाला म्हणाले, "हे न्हाई येणार. माझ्या घरी ऱ्हाईल." बाप म्हणाला, "सर, आमाला हाताखाली कुणीतरी लागतंय." सर म्हणाले, "लागू दे. ठरलं." पाच हंगाम मी त्यांच्या घरी जेवलो. पुढं त्याच शाळेत मास्तर झालो. सरांच्या शब्दाला नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

निवृत्तीच्या वर्षी सरांनी समुद्र बघायचं ठरवलं. नुसता किनाऱ्यावरून नव्हे, शिडाच्या होडीतून. बरोबर मी आणि जाधव सर. जाधव सर विज्ञान शिकवायचे. पंचवीस वर्षं दोघं एकाच डब्यात जेवत आणि रोज भांडत. कोकणातल्या शनिवार-रविवारचा सगळा बेत सरांनी कागदावर लिहिला होता. रविवारी पहाटे मतलई वाऱ्यानं किल्ल्याच्या बेटावर जायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यानं परत.

शनिवारी सगळं कागदाप्रमाणं झालं. होडी चालवणारा म्हातारा तांडेल शीड सोडी, आणि सर लहान मुलासारखे हात बाहेर काढून वारा चाचपत बसत. त्या दिवशी त्यांच्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही.

रविवारी पहाटे वारा जमिनीकडून आलाच नाही. दक्षिणेकडून येत होता, आणि आभाळही मळलं होतं. तांडेल म्हणाला, "वारो फिरलो. आज बाहेर नको. खाडीत फिरवून आणतंय."

"खाडीत काय बघायचं? नदी तर आमच्याकडं बी हाय," सर म्हणाले.

जाधव सरांनी सरळ सांगितलं, "गोरे, मला पोहता येत न्हाई. आपण खाडीतच जाऊ."

"तू किनाऱ्यावर थांब बे. भित्रा तो भित्राच."

मग सर माझ्याकडं वळले. "तू काय म्हणतोस?"

मला तांडेलाचं पटलं होतं. तरी मी म्हणालो, "जाऊ सर." बेटाकडं नको असं तांडेल पुन्हा एकदा बोलला, पण दोघांच्या आग्रहापुढं नमला. "मी सांगीन तेव्हा मागे फिरायचा," एवढीच अट त्यानं घातली. जाधव सर मान खाली घालून चढले. भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं त्यांना.

खाडीचं तोंड ओलांडल्यावर होडी जी नाचायला लागली ती थांबेना. किल्ला समोर दिसत होता, आणि तांडेल म्हणाला, आता फिरायचं. सरांनी मोबाईल काढला. "एक मिनिट. जाधव, उभा ऱ्हा. मागं किल्ला येऊ दे." जाधव सर म्हणाले, "नको रे." "उभा ऱ्हा म्हणतो ना." ते उभे राहिले. त्याच वेळी वारा पलटला, तांडेल "बसा" म्हणून ओरडला, आणि शिडाचा आडवा वासा फिरून जाधव सरांच्या डोक्यावर बसला.

ते वाचले. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

शाळेत सरांनी सगळ्यांना सांगितलं, "आमी बस बस म्हणत होतो. ह्यो आपणहून उभा राहिला." सांगताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

त्यानंतर सर रोज चार वाजता जाधवांच्या घरी जाऊ लागले. दाढी करायची, पाय चोळायचे, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. गावात लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी. जाधव सर मात्र त्यांना बघितलं की तोंड भिंतीकडं फिरवायचे. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, त्याची लाज वाटायची. एकदा त्या मला म्हणाल्या, "भाऊ, ते एवढं करत्यात, आन् ह्यांना काडीची किंमत न्हाई. कावून असं वागत्यात हे?"

दीड वर्ष मी गप्प होतो. त्या दिवशी सांगून टाकलं, मी "जाऊ" म्हणालो त्यासकट.

वहिनींनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. "त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणावं," एवढंच बोलल्या. "आन् भाऊ, तुमी बी थोडे दिवस येऊ नका."

मी निरोप घेऊन गेलो तेव्हा सर अंगणात वस्तऱ्याला धार लावत होते.

"तू सांगितलंस?"

"हो सर."

"बरं केलं न्हाईस."

"खोटं तर नव्हतं, सर."

"खोटं न्हवतं," ते म्हणाले. "पण माझ्याकडं तेवढं एकच काम उरलं होतं."

ते माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. महिन्याभरात घर बंद करून ते मुलाकडं पुण्याला गेले. मी चार-पाच वेळा फोन केला. मुलगा म्हणायचा, बाबा झोपलेत. सकाळी दहालाही झोपलेले असायचे. गेल्या वर्षी ते वारल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. मी काहीच टाकलं नाही.

जाधवांच्या घरी सांगायला गेलो. वहिनींनी दारातच थांबवलं. बातमी ऐकून त्यांनी मागं वळून आत पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका."

आत जाधव सर खाटेवर बसले होते. दाढी वाढली होती. डावा हात मांडीवर होता आणि नजर दारावर, म्हणजे माझ्यावर. मला पाहून ती खाली गेली.

"चार वाजले की असेच बघत बसत्यात," वहिनी म्हणाल्या. "रागानं बघत्यात का वाट बघत्यात, मला अजून कळलं न्हाई."